चौथी टाइल

आमच्या जिन्याखालच्या भिंतीबद्दल जेवायला बसण्याआधी वाचू नका. डोंबिवली पूर्वेला आमची सुयोग सोसायटी आहे, चार मजली, बिनलिफ्टची. गेटातून आत आलं की समोर जिना आणि जिन्याच्या पायथ्याशी उजव्या हाताला ही भिंत. कित्येक वर्षं येणारा-जाणारा तिच्यावर थुंकत आलाय. खालचे थर काळपट, त्यावरचे विटकरी आणि सगळ्यांत वर त्या-त्या सकाळचा लाल, ओघळ अजून ओला असायचा. गुटखा, मावा, पान, आणि ज्यांना यातलं काहीच लागत नाही त्यांची नुसतीच थुंकी. कोपऱ्यात लोक याहूनही पुढचं काही उरकून जात, ते वासावरून कळायचं.

मी कल्याणच्या एका पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झाले. लोकांनी डबीत आणलेली थुंकी काचेवर पसरायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, हे माझं काम होतं. त्यामुळे कोणी मला नाजूक म्हणू नये. डबीतल्या थुंकीची मला कधी किळस आली नाही. आजारी माणूस ती खाली मान घालून, ओशाळून हातात देतो. भिंतीवरची थुंकी धडधाकट माणसाची असते आणि ती टाकताना त्याची मान वर असते. तिची मात्र मला आजही किळस येते.

या भिंतीच्या पलीकडे व्हिक्टोरिया परेराचं स्वयंपाकघर आहे. मला सांगायचं आहे ते तिच्याबद्दल. पण भिंतीला वगळून ते सांगता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

व्हिक्टोरिया मूळची उत्तनची, समुद्रकाठची. लग्न करून कॉस्मासबरोबर इथे आली. कॉस्मास एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात होता. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगा नेविल टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. ती मात्र तळमजल्यावरच्या याच घरात राहिली आणि बाटली मसाल्यावर उभी राहिली. उन्हं तापली की मिरच्या, धणे, तीळ, खसखस असं बरंच काही गच्चीत वाळायला पडतं. मग भाजणं, मग लोखंडी खलबत्त्यात कुटणं, आणि मग बिअरच्या धुतलेल्या बाटल्यांत ठासून भरणं. बाटली गडद असली की मसाल्याला उजेड लागत नाही, रंग वर्षभर टिकतो. आमच्याकडे नवीन राहायला येणारं प्रत्येक कुटुंब तिच्या खिडकीत पालथ्या घातलेल्या बाटल्या पाहून आधी तिच्याशी बोलायचं टाळतं. मग कधीतरी त्यांच्याकडे वानवळा म्हणून थोडा मसाला जातो आणि बोलणं सुरू होतं.

भिंतीसाठी सोसायटीने आधी पाटी लावली, ‘येथे थुंकू नये’. लोक पाटीवरच थुंकले. मग मीटिंग झाली. अण्णा आमचे चेअरमन. निवृत्त झाल्यापासून सोसायटी हाच त्यांचा संसार आहे. हितेश सेक्रेटरी, त्याचं टाइल्सचं दुकान आहे, त्यामुळे विषय त्यानेच काढला.

“देवाच्या टाइल्स लावू अण्णा. चारचा सेट येतो. गणपती, साईबाबा, अंबामाता आणि क्रॉस. माणूस कुठला पण असू दे, चारातल्या एकाला तरी घाबरेलच ना.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या खुर्चीवरून व्हिक्टोरिया म्हणाली, “हितेश, माझा क्रूस नको लावू तिथे.”

“का आंटी? तुमचाच मान आहे.”

“मान कसला रे? पिकदाणीवर वॉचमन बसवतोस आणि वर मान म्हणतोस.”

दोन-तीन जण हसले. अण्णांनी घसा खाकरला. “व्हिक्टोरियाबाई, चारातला तुमचा एकच वगळला तर उद्या तुम्हीच म्हणाल, आम्हाला डावललं. सोसायटीला सगळे सारखे.” ठराव मंजूर झाला. आमच्या मीटिंगमध्ये मंजूर न झालेला ठराव मी अजून पाहिलेला नाही.

त्या दिवशी चहाला ती माझ्याकडे वर आली. तोपर्यंत तिला चिडलेली मी फारशी पाहिली नव्हती. म्हणाली, “आमच्या गावात पाखाडी-पाखाडीला, प्रत्येक आळीत क्रूस आहे, मधु. दगडी, चुना लावलेला. मे महिन्यात संध्याकाळी सगळे तिथे जमून प्रार्थना म्हणतात, मग उकडलेले चणे वाटतात. बाकीच्या दिवशी पोरं त्याच्या पायरीवर बसून बोरं खातात. बायका बाजूला मासळी सुकवतात. त्याला कोणी घाबरत नाही गं. घाबरवायला तो नाहीच.”

“मग कशाला असतो?” मी विचारलं.

तिने बशीत चहा ओतला. “आठवण राहते,” म्हणाली.

टाइल्स लागल्या. छातीच्या उंचीवर एका ओळीत चार देव, मागे निळं आभाळ, प्रत्येकाच्या डोक्यामागे सारखंच पिवळं तेज. चौथी टाइल क्रॉसची, म्हणजे व्हिक्टोरियाच्या दारापासून सगळ्यांत जवळची. भिंत घासून घेतली, वर नवा रंग दिला. काही दिवस खरंच कोणी थुंकलं नाही, आणि हितेश मीटिंगला आल्यासारखा छाती काढून जिन्यातून जायला लागला.

मग एका सकाळी टाइल्सच्या खाली हातभर अंतरावर पहिला लाल डाग दिसला. नंतर गणपतीच्या कडेला. नंतर साईबाबा आणि देवी यांच्या मधल्या फटीत, जिथे जेमतेम बोट मावेल. टाइलवर एक थेंब नाही. मी चष्मा काढून, पुसून, परत लावून पाहिलं. एवढा नेम धरणाऱ्या माणसाला थुंकी आवरता येत नाही, हे मी कसं मानायचं?

मी देव मानते. रोज पूजा करते, चतुर्थी सोडत नाही. देव चराचरात आहे असं मला लहानपणी शिकवलं आणि मी कधी त्यावर वाद घातला नाही. मग ती भिंत चराचरात येत नव्हती का? टाइल्स लागण्याआधी थुंकणाऱ्याच्या मनात निदान थोडी चोरी असायची, इकडेतिकडे बघून तो थुंकायचा. आता त्याला सोसायटीनेच आखून दिलं होतं की देव इथून इथपर्यंत आहे. म्हणजे पलीकडे नाही, पलीकडे मोकळं आहे. आम्ही देवाला चार चौकोनांत बसवलं आणि उरलेल्या भिंतीतून हाकलून दिलं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मधुताई, तुम्ही फार खोलात जाता.”

दुसऱ्या मजल्यावर रंगूबाई राहते, तिचा मुलगा बंटी. तिशी ओलांडलेला घोडा. टिटवाळ्याच्या आणि आंबिवलीच्या नव्या बिल्डिंगांत गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवायचं काम करतो. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून उतरतो, गणपतीच्या टाइलला बोटं लावतो, ती छातीला लावतो, दोन पावलं पुढे जातो आणि कोपऱ्यात पिचकारी मारतो. एकदा व्हिक्टोरिया दारात उभी होती. ती त्या चौथ्या टाइलसमोरून रोज जायची, पण तिने कधी हात जोडले नाहीत की क्रूसाची खूण केली नाही. बंटीच्या ते लक्षात आलेलं.

“आंटी, तुम्ही तुमच्या गॉडला नमस्कार नाय करत?”

“तो गॉड नाही रे बाबा. ती नोटीस आहे.”

“असं कसं बोलता आंटी?” त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. आणि ते वाईट वाटून तो पुढे जाऊन थुंकला.

गेल्या डिसेंबरात नाताळचा फराळ करताना व्हिक्टोरियाला ओट्याखालच्या भिंतीवर पिवळा डाग दिसला. आठवड्याभरात रंगाचे पोपडे सुटले. मग भिंत ओलसर लागायला लागली, आणि मग वास आला. तो कसला वास आहे हे मला दारातच कळलं. चारही मजल्यांच्या संडासांचा पाइप त्या भिंतीतून खाली जातो. तो कुठेतरी फुटला होता, आणि आमचं सगळ्यांचं जे काही होतं ते तिच्या स्वयंपाकघरात झिरपत होतं. तिने ओट्याखालचे डबे उचलले, फरशी फिनाइलने पुसली. सकाळी परत तिथे पाणी, आणि पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या वळवळताना. मी तिथल्या तिथे नाकाला पदर लावला. ती कशी उभी राहत होती, तिलाच माहीत.

धोंडिबा हा आमच्याकडचा जुना प्लंबर. त्याने आतून ठोकून पाहिलं, बाहेर येऊन ठोकून पाहिलं, आणि टाइल्सच्या ओळीवर हात फिरवला. “आतल्या अंगाला कॉलम हाय. तिथनं काय होनार नाय. जॉइंट हितं मागं गेलाय. चारातली कुठली बी एक फोडली तरी माझा हात आत जातोय.”

“मग फोड ना,” मी म्हटलं.

त्याने छिन्नी पिशवीत टाकली. “ताई, मी लेकराबाळांचा माणूस हाय. देवावर छिन्नी नाय लावणार. तुम्ही टाइल काढून द्या, पुढचं मी करतो.”

अख्खी टाइल निघण्यातली नव्हती. “असा माल लावलाय ना, भिंत पडेल पण टाइल नाय हलणार,” हितेश म्हणाला, आणि त्याला त्याचा अभिमानही वाटत होता. मग मीटिंग झाली. एक नाही, मीटिंगवर मीटिंग. अण्णा भटजींना विचारून आले. भटजींनी विचारलं, प्राणप्रतिष्ठा केली होती का? नव्हती. मग ते नुसतं चित्र आहे, खुशाल काढा, असं भटजी म्हणाले. मला वाटलं, संपलं. आपल्याकडे किती शहाणपणाची रीत आहे. मूर्तीत देव यावा म्हणून त्याला मंत्र म्हणून बोलावतात, दिवस भरले की उत्तरपूजा करून निरोप देतात आणि मग मातीची मूर्ती पाण्यात सोडतात. ती विरघळताना कोणी ऊर बडवत नाही. पण आमच्या टाइल्समध्ये देवाला कोणी बोलावलंच नव्हतं, त्यामुळे त्याला जा म्हणायची सोय नव्हती.

भटजींचं मत ऐकूनही कोणी हललं नाही. अण्णा म्हणाले, “माझं काही नाही हो. पण लोकांच्या भावना असतात.” हितेश म्हणाला, “मला पण प्रॉब्लेम नाय, पण बाकीचे काय बोलतील?” रंगूबाई म्हणाली, “आमचं काय नाय बाई, पण कोणाला पाप लागलं तर?” मी प्रत्येकाकडे बघत होते. टाइलमध्ये देव आहे असं मानणारा एकही माणूस त्या खोलीत नव्हता, आणि दुसरा मानतो अशी प्रत्येकाची खात्री होती. या भित्रेपणाला श्रद्धा म्हणायचं, आणि त्यासाठी एका विधवेला घाणीत ठेवायचं, याची मला त्या अळ्यांपेक्षा जास्त शिसारी आली. मी तसं बोलले. इतिवृत्तात ते घेतलं नाही.

जानेवारीत झिरपणं बाहेरच्या बाजूलाही दिसायला लागलं. टाइल्सच्या फटींतून पिवळं पाणी ओघळायचं, देवीच्या खांद्यावरून साईबाबांच्या पायांकडे. रंगूबाईला ते बघवेना. ती भली बाई आहे, तिला दोष देत नाही. ती ओल्या फडक्याने टाइल्स पुसायची. मग तिने देवाजवळ घाण वास नको म्हणून खाली अगरबत्तीचं घर ठेवलं. मग कोणीतरी झेंडूची माळ टाकली. मग एक पणती आली. जिथे लोकांनी थुंकू नये म्हणून चार चित्रं चिकटवली होती, तिथे आता महिन्याभरात देवस्थान झालं होतं, संडासाच्या पाण्यात पाय सोडून बसलेलं. मोगऱ्याची अगरबत्ती आणि ती घाण यांचा जो एकत्र वास येत होता, तो माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. मी तीन मजले श्वास धरून चढायचे.

नेविल रविवारी आला. चांगला मुलगा आहे. स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभा राहिला आणि बाहेर येऊन ओकला. मग म्हणाला, “मम्मी, बस झालं. टिटवाळ्याला चल. हे विकून टाकू.”

“तिथे खलबत्ता चालवला तर खालचे लोक वर येतील.”

“मसाला कशाला करायचाय आता तुला?”

ती फडकं घेऊन फरशी पुसायला लागली. तो गेल्यावर मला म्हणाली, “एकदा गेले की मी परत यायची नाही, मधु. पोराच्या घरी पाहुणी म्हणून गेलेली म्हातारी परत येत नसते. मार्चमध्ये मिरच्या येतात. तोपर्यंत ही भिंत सुकली नाही, तर मी जाणार.” तिने घरातली भांडी आधीच माझ्याकडे आणून ठेवली होती. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले. तिच्याशिवाय या बिल्डिंगमध्ये माझ्याशी बोलायला कोण आहे?

त्यानंतर राखेचा बुधवार आला. त्यांच्या उपवासाच्या दिवसांची ती सुरुवात. चर्चमधल्या सकाळच्या मिसेला फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेने क्रूस काढतात, माणूस मातीचा आहे हे त्याने विसरू नये म्हणून. मी दूध आणायला उतरले तेव्हा व्हिक्टोरिया चर्चमधून आलेली होती, कपाळावर राखाडी क्रूस, आणि हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. धोंडिबाला तिने बोलावून घेतलं होतं. तो पायरीवर पिशवी घेऊन बसला होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

मला ती म्हणाली, “अण्णांना हाक मार. मागून म्हणायला नको, की चोरून केलं.”

अण्णा बनियनवरच उतरले. रंगूबाई आली. हितेश दुकानाला निघाला होता, तो जिन्यातच थांबला.

“तिघं तुमचे आहेत,” व्हिक्टोरिया म्हणाली. “त्यांना मी हात लावत नाही. चौथा माझा आहे. तुम्हीच म्हणालेलात, तुमचा मान म्हणून.”

“अहो, थांबा, थांबा,” अण्णा म्हणाले. “उद्या कोणी फोटो काढून टाकला, डोंबिवलीत क्रॉस फोडला म्हणून, तर पोलीस माझ्या दारात येतील.”

“मग फोटोत मी येते ना. कपाळावरचा पण येऊ दे.”

“पाप लागेल गं,” रंगूबाई हळूच म्हणाली.

“लागलं तर मला लागेल, रंगूताई.”

तिने अगरबत्तीचं घर उचलून बाजूला ठेवलं, माळ काढून रंगूबाईच्या हातात दिली, आणि बत्ता मारला. पहिल्या घावाला टाइलचा कोपरा फक्त उडाला. तिचा हात झिणझिणला असावा, तिने तो मॅक्सीला पुसला. अण्णांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या घावाला क्रॉस मधोमध तडकला, आणि तिसऱ्याला त्याचे तुकडे खाली आले, मागचं प्लास्टर घेऊन. आतून जे बाहेर आलं त्याबद्दल मी लिहिणार नाही. मी पंचवीस-तीस वर्षं लॅबमध्ये काढली आहेत आणि मी गेटाकडे पळाले.

परत आले तेव्हा धोंडिबाचा हात दंडापर्यंत भिंतीत होता. व्हिक्टोरिया टाइलचे तुकडे सुपलीत भरत होती. ते तिने नेऊन सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. हितेशला ते फोडण्यापेक्षाही जास्त लागलं. “आंटी, निदान खाडीत तरी...” तो म्हणाला आणि थांबला.

“खाडीत कशाला? फादरने कधी आशीर्वाद दिलेला नव्हता त्याला. तुझ्या दुकानातला माल होता.”

दुपारपर्यंत जॉइंट बसला, भोक बुजलं, वर सिमेंटचा गिलावा झाला. तीन देव आणि चौथ्या जागी राखाडी चौकोन. व्हिक्टोरिया माझ्याकडे आंघोळ करून चहाला बसली. घामाने आणि पाण्याने तिच्या कपाळावरची राख गेली होती, भुवईजवळ एक पुसट रेघ तेवढी उरली होती.

“तुझा क्रूस पुसला गेला,” मी म्हटलं.

“पुसायचाच असतो तो.” तिने कपाळाला हात लावून पाहिला. “म्हणून बुधवार थोडाच पुसला जातो?”

भिंत सुकायला लागली. ती ओट्याखाली वाकून रोज हात लावून बघायची आणि मला वर सांगायला यायची. मी तिची भांडी परत नेऊन दिली. मिरच्यांची ऑर्डर तिने दिली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी शिरा केला.

त्याच आठवड्यात एका सकाळी मी खाली उतरले आणि पायरीवरच थांबले. त्या राखाडी चौकोनात लाल पिचकारी होती. चौकोनाच्या बरोबर मध्ये. शेजारच्या देवीवर शिंतोडाही नव्हता. सिमेंट नवं, त्यामुळे त्याने रंग पिऊन घेतला होता. माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. इतके महिने त्या टाइलला बोट लावायला कोणी तयार नव्हतं. सगळ्यांच्या भावना होत्या. आणि ती निघाल्याबरोबर तिथेच. ज्या जागेवर तुम्ही परवापर्यंत माळ घालत होता, त्या जागेवर.

व्हिक्टोरिया दार उघडून बाहेर आली. तिने पाहिलं. तिचा चेहरा पडेल म्हणून मी तिचा हात धरला, पण तिने तो सोडवून चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“नोटीस वाचता येते गं यांना,” म्हणाली. “आपल्याला वाटायचं, येत नाही. बरोबर वाचतात.”

परत मीटिंग. हितेश नवीन क्रॉस घेऊनच आला होता, आधीपेक्षा मोठा, सोनेरी किनारीचा. फुकट लावून देतो म्हणाला. व्हिक्टोरिया नको म्हणाली. भिंत मोकळी राहू दे, पाइप परत फुटला तर सरळ फोडता येईल. अण्णांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि ठराव मांडला की चौथा चौकोन मोकळा ठेवायला सोसायटीची हरकत नाही, मात्र तो स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी श्रीमती परेरा यांची राहील. मंजूर. सत्तरीच्या बाईने रोज दुसऱ्यांची थुंकी पुसायची, असा ठराव हात वर करून करणाऱ्या माणसांत मी राहते. मी हात वर केला नाही म्हणून काय झालं?

दुसऱ्या दिवसापासून ती बादली, फडकं आणि पाट घेऊन भिंतीपाशी बसायला लागली. मी तिला म्हटलं, “सगळे कामाला गेले की पूस. नाहीतर मी पुसते.”

“नाही. सगळे जातात तेव्हाच पुसणार,” ती म्हणाली. आणि ती नुसता चौकोन पुसत नव्हती. चौकोनापासून सुरू करून ती सगळी भिंत पुसायची, टाइल्सच्या फटी, खालचा कोपरा, आमचे काळपट डाग. रंगूबाईच्या देवांनाही फडकं फिरायचं, जसं बाकीच्या भिंतीला फिरायचं तसंच.

पहिल्याच सकाळी मी दुधाची पिशवी घेऊन गेटातून आत येत होते. बंटी जिना उतरत होता, इस्त्रीचा शर्ट, गाल फुगलेला, ओठ घट्ट मिटलेले. रस सांडू नये म्हणून हनुवटी वर धरलेली. शेवटच्या पायरीवर त्याने भिंतीपाशी बसलेली व्हिक्टोरिया पाहिली आणि तो जागच्या जागी थांबला. तिच्या हातातलं फडकं लाल झालं होतं, बादलीतलं पाणीही. ते त्याचंच आहे, आदल्या दिवशीचं, हे त्यालाही कळत होतं.

“काय रे बंटी,” ती म्हणाली, “आईचा गुडघा कसा आहे?”

त्याने मान हलवली.

“मान काय हलवतोस? दुखतो की बरा आहे?”

“अं,” त्याच्या नाकातून आलं.

ती फडकं तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. म्हातारी माणसं उत्तराची वाट बघतात तशी. त्याने चौकोनाकडे पाहिलं, मग गणपतीकडे, मग माझ्याकडे. मी गेटाच्या वाटेतच उभी होते आणि हलले नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. मग त्याने डोळे मिटले आणि गिळलं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली, तो घोट मला तिथपर्यंत ऐकू आला, आणि माझ्या स्वतःच्या घशाशी आंबट आलं. इतकी वर्षं डब्या उघडल्या, पण असं कधी झालं नव्हतं, आणि तरी मला ते पुन्हा ऐकायला आवडलं असतं.

“बरा आहे, आंटी,” तो म्हणाला. आवाज घोगरा, डोळ्यांत पाणी.

“तेल लाव म्हणावं,” व्हिक्टोरिया म्हणाली आणि फडकं पिळून परत भिंतीकडे वळली.

बंटी गणपतीला हात न लावताच गेटातून बाहेर पडला.